टबाला लावलेला कान

खरं म्हणजे कृणाल पेशंट नव्हताच. पेशंट होती त्याची आई, सोनूबाई. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी वाहून आणि कोयत्याने घोळीचे तुकडे पाडून तिचा खांदा असा काही धरला होता, की वेणी घालायलाही शेजारणीला हाक मारावी लागायची. "खांदा गेला, आता मीपण जाते," ही तिची रोजची आरती ऐकून कृणाल कंटाळला. एका दुपारी त्याने तिला रिक्षात घातलं आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यातून थेट सात बंगल्याच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आणून बसवलं. आईला आत सोडायचं, बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचं, झालं की घरी न्यायचं. त्याचं काम एवढंच.

पण नशीब कुणाला सुखाने बाकावर बसू देतंय!

"जरा दार धरता का... प्लीज?"

हनुवटीपर्यंत टॉवेलांचा ढीग घेऊन एक मुलगी जिन्यातून वर आली होती. ढिगाच्या वर फक्त दोन डोळे दिसत होते. कृणाल धडपडत उठला आणि त्याने दार धरलं. ती त्याच्या हाताखालून आत गेली, टॉवेल ठेवले, आणि वळून त्याच्याकडे बघत राहिली.

"उजव्या हाताला काय झालंय?"

"कुठे काय? काहीच नाही."

"दार तुमच्या उजव्या अंगाला आहे. तुम्ही अर्धे वाकडे होऊन डाव्या हाताने धरलंत."

कृणालने डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, मानेनेच 'आई आहे, हळू!' असं खुणावलं. पण कोळणीच्या कानांपासून काय लपतंय? भर बाजारात समोरच्या गिऱ्हाईकाने बायकोच्या कानात सांगितलेला भाव ऐकणारी बाई ती.

"काय झालं रं हाताला?" पलंगावरून सोनूबाई कडाडली.

वाट लागली!

मग सगळं बाहेर आलं. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीत जाळ्याचा दोर मनगटाला वेटोळून हिसका बसला होता. हाड मोडलेलं नव्हतं, ते त्याने गुपचूप एक्स-रे काढून बघितलं होतं. पण मूठ आवळली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. घरात सांगितलं नाही, कारण बाप, महादू तांडेल, यंदा म्हणाला होता, "नारळी पौर्णिमा झाली की सुकाणू तुझ्या हातात." लहानपणापासून कृणाल ज्या एका वाक्याची वाट बघत होता, ते हेच. आणि हात दुखतोय म्हटलं, तर सुकाणू चुलतभावाकडे जाणार. दर्या दुखऱ्या हाताची कीव करत नाही, असं महादूच म्हणायचा.

"बसा इथे," ती म्हणाली. तिच्या पांढऱ्या कोटावर नाव होतं, डॉ. प्रांजल नेरूरकर. तिने त्याचं मनगट हातात घेतलं आणि नेमक्या एका जागी अंगठा दाबला. "इथे दुखतं?"

"छे!"

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"खारं आहे... समुद्राचं असेल."

ती हसली नाही. पण हसू दाबताना तिच्या गालावर जी बारीकशी खळी पडली, ती कृणालने बरोबर टिपली. मासळी पाण्याखालून वळली तरी ज्याला कळतं, त्याला एवढं नाही कळणार?

मग ती सोनूबाईच्या खांद्याकडे वळली. एक छोटंसं यंत्र, त्याला वायर, आणि वायरच्या टोकाला मुठीत धरायचं धातूचं गोल, सपाट तोंड. तिने ते तोंड आकाशाकडे केलं, त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले आणि बटण दाबलं.

कृणाल उठून उभाच राहिला. पाणी थरथरलं, मधोमध उसळलं, आणि त्याचे बारीक बारीक तुषार धुक्यासारखे वर उडाले. ना जाळ, ना वाफ, ना कसला आवाज. खोलीत पंख्याशिवाय काहीच वाजत नव्हतं.

"हे... हे काय?"

"मशीन चालू आहे का ते बघते रोज. हा आवाज आहे."

"आवाज? कुठाय? मला ऐकू येत नाही."

"मलाही येत नाही. माणसाच्या कानाच्या पल्याडचा आहे. अल्ट्रासाउंड." ती सोनूबाईच्या खांद्यावर थंडगार जेल पसरून ते तोंड हळूहळू गोल फिरवू लागली. "कानाला कळत नाही, पण आतल्या मांसाला कळतो. थोडी ऊब देतो, आखडलेलं सैल करतो. अर्धं काम हा करतो... उरलेलं अर्धं तुम्ही व्यायाम करून करायचं, कळलं का मावशी?"

"मना कायच कळत नाय," सोनूबाई म्हणाली, "पन बरा वाटते गो बाय."

कृणाल त्या फिरणाऱ्या हाताकडे बघतच राहिला. दर्यावर त्याने काय कमी नवलं पाहिली होती? अमावस्येला चमकणारं पाणी पाहिलं होतं, बोटीशी शर्यत लावणारे डॉल्फिन पाहिले होते. पण एक मुलगी न ऐकू येणारा आवाज मुठीत धरून माणसाच्या अंगात सोडते, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या छातीत काहीतरी त्या चार थेंबांसारखंच उडालं.

दुसऱ्या दिवसापासून क्लिनिकमध्ये दोघं पेशंट जाऊ लागले, महादूला कळू न देता.

कृणालच्या मनगटाची गोष्ट वेगळी होती. मनगट म्हणजे नुसती हाडं, उंचवटे नि खळगे. तिथे सपाट तोंड नीट टेकत नाही. म्हणून प्रांजलने प्लास्टिकचा टब कोमट पाण्याने भरला, त्याचा हात त्यात बुडवायला लावला, स्वतः रबरी हातमोजा चढवला आणि यंत्राचं तोंड पाण्याखाली त्याच्या मनगटापासून बोटभर दूर धरून फिरवू लागली.

"टेकवत नाही?"

"गरज नाही. मध्ये हवा असली तर आवाज अडतो. पाणी असलं की जातो. पाणी त्याला अलगद तुमच्यापर्यंत आणून सोडतं."

"पाण्यातून आवाज जातो, हे वेसावकराला सांगताय?" असं म्हणून त्या पठ्ठ्याने काय करावं? हात पाण्यात तसाच ठेवून तो खाली वाकला आणि त्याने टबाच्या काठाला कान लावला!

प्रांजलचं तोंड उघडंच राहिलं. शेजारच्या पलंगावर गुडघे शेकत बसलेल्या वसुधाकाकू चष्मा सावरून बघू लागल्या.

"अहो... काय करताय?"

"श्श! ऐकतोय."

"सांगितलं ना, माणसाला ऐकू येत नाही!"

"तुमच्या यंत्राचं नसेल येत. आमच्या माशांचं येतं."

मग त्याने सांगितलं. त्याचे आजोबा, धाकू तांडेल, इंजिन नव्हतं त्या काळात होडी थांबवून वल्हं पाण्यात उभं सोडायचे आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावून बसायचे. ढोमा बोलला की कळायचं. घोळ बोलली की आजोबांचा चेहराच बदलायचा. कुठे, किती, कुठल्या बाजूला चाललीय... सगळं लाकडातून कानात यायचं. कोळ्याच्या घरात पाण्याशी कान लावणं म्हणजे पुस्तक उघडण्यासारखंच.

"मासे... बोलतात?" प्रांजलचा आवाज एकदम बारीक झाला.

"ढोमा तर गप्पच बसत नाही. आमच्या आईसारखा."

"मी रोज आवाजाने लोकांचे हातपाय बरे करते," ती म्हणाली, "आणि मासे बोलतात हे आजपर्यंत मला कुणी सांगितलंच नाही?" तिचे डोळे असे लकाकत होते, जणू काही शाळेतली पोर पहिल्यांदा सर्कस बघतेय. "खरं सांगतोयस ना रे? की फेकतोयस?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, ते तिच्या लक्षातच आलं नाही. कृणालच्या मात्र आलं. तो दिवसभर शीळ वाजवत फिरला आणि महादूने दोनदा विचारलं, "काय रं, चढली का काय?"

त्यानंतर टबातल्या पाण्यावर रोज गप्पा रंगू लागल्या. ती त्याला सांगायची, तिचे आजोबा कोकणातून गिरणीत आले, बाबा बँकेत लागले आणि ती डॉक्टर झाली, पण घरात भांडण झालं की सगळे मालवणीवरच येतात. तो तिला सांगायचा, बोंबील वाळत घालायची वलांडी कशी बांधतात. मूठ हळूहळू आवळता येऊ लागली. एकदा त्याने ओला टॉवेल पिळून दाखवला, तर ती टाळ्या वाजवून म्हणाली, "झकास! सुकाणू नक्की!"

आणि मग तो रविवार आला. पाऊस उघडला होता, खाडी तव्यासारखी सपाट होती. सोनूबाईनेच आवतण दिलं होतं, "तू माझा खांदा बरा केलास, आता माझ्या घरचा जेवन जेव गो." जेवण झालं आणि महादूने छोटी होडी खाडीत घातली. तो वल्हवत होता, सोनूबाई छत्री घेऊन मधोमध बसली होती, आणि टोकाला कृणाल नि प्रांजल. खाजणाच्या कडेला महादूने वल्हवणं थांबवलं आणि काही न बोलता दुसरं वल्हं पाण्यात उभं सोडलं.

"लाव कान," कृणाल कुजबुजला.

तिने केस मागे सारले, डोळे मिटले आणि लाकडाला कान लावला. कितीतरी वेळ काहीच नाही. तिच्या कपाळाला आठी पडली... आणि एकाएकी ती विरली.

"अरे... टर्र टर्र... कुणीतरी दारावर बोटं वाजवतंय... आता दुसराही! कृणाल, आहेत रे... खरंच आहेत!"

तिने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. खाली गढूळ, मुकं दिसणारं पाणी, आणि त्यात एवढी वस्ती, एवढी बडबड! तिने कृणालचा दंड घट्ट धरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. होडी आपली आपण डुलत होती. कृणालला वाटलं, आत्ता कुणी माझ्या छातीला वल्हं टेकवून कान लावला, तर अख्ख्या वेसाव्याला ऐकू जाईल.

मग तिला भान आलं. तिने हात झटकन काढून घेतला आणि परतेपर्यंत ती सोनूबाईशीच बोलत राहिली.

पुढच्या वेळी टब तोच होता, पाणी तेवढंच कोमट. पण ती म्हणाली, "हात पाण्यात ठेवा."

ठेवा? 'तू'चा पुन्हा 'तुम्ही' झाला होता.

"माझं काही चुकलं?"

"नाही. माझं चुकत होतं." ती पाण्याकडे बघत हात फिरवत होती. "मी तुमची डॉक्टर आहे, तुम्ही माझे पेशंट. तुम्ही हात माझ्या भरवशावर देता. मध्ये दुसरं काही आलं, की माझं कामावर लक्ष..."

"दुसरं काही म्हणजे काय?"

तिने वर पाहिलं. आणि त्या पाहण्यात, पाण्याखाली फिरणारा तिचा हात थांबला.

"आई गं!" कृणाल ओरडला. मनगटाच्या पार आत, हाडात, सुई रुतल्यासारखी कळ आली होती. तिने झटक्यात यंत्र बाहेर काढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघितलंस?" ती म्हणाली. "हा हात थांबता कामा नये. एका जागी थांबला तर इजा होते. शिकायला लागल्यापासून माझा हात कधी थांबला नव्हता, कृणाल. आज थांबला. कळलं मी का म्हणते ते?"

कृणालला कळलं. पण काय कळलं, ते ऐका! घरी येऊन तो बोटीच्या सावलीत बसला आणि त्याने विचार केला. ती पेशंटवर प्रेम करू शकत नाही. अडचण कसली आहे? मी पेशंट आहे ही! मग पेशंटच राहिलो नाही, तर? हात्तिच्या, इतकं सोपं! दुसऱ्या दिवशी आईला त्याने ठणकावून सांगितलं, "मी बरा झालो. मी नाही येत." आपल्याच पायावर धोंडा मारून घेताना माणूस किती खूश दिसतो, ते त्या सकाळी कृणालला बघून कळलं असतं.

ठरलं होतं असं, की दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, मग तिच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, आता मी तुझा पेशंट नाही, आता बोल. पण तोवर बोटीची कामं निघाली. जाळी ओढा, दोर आवळा, फळ्या उचला. मनगट पुन्हा सुजलं. आता सुजलेला हात घेऊन तिच्यापुढे जायचं कसं? आणि हात बरा व्हायचा तर तिच्याकडेच जायला हवं! नारळी पौर्णिमा जवळ आली होती. महादू तांडेल लांबून मुलाच्या हाताकडे बघायचा आणि काहीच बोलायचा नाही, आणि ते न बोलणंच जास्त झोंबायचं. सुकाणूही जाणार, ती तर गेल्यातच जमा. रुमालाने मनगट आवळून कृणाल धक्क्यावर दोर ओढत राहिला.

सोनूबाईचा खांदा मात्र नेमाने क्लिनिकला जात होता. आणि सोनूबाईच्या खांद्याला तोंडही होतं.

एका संध्याकाळी धक्क्यावर, ओढून ठेवलेल्या बोटींच्या रांगेतून, पांढरा कोट तसाच अंगात असलेली प्रांजल तरातरा चालत आली. क्लिनिकमधून सरळ निघाली होती. चपलेला चिखल, कपाळाला घाम, आणि डोळ्यांत जाळ.

"काय रे मेल्या!" ती गरजली. "डोक्यार पडलंस काय? तुका अक्कल आसा?"

जाळी विणणारे चार म्हातारे मान वर करून बघू लागले. कृणालच्या हातातला दोर गळून पडला.

"दाखव हात!"

"बरा आहे..."

"दाखव म्हणतंय ना!"

त्याने रुमाल सोडला. तिने वाकून ते सुजलेलं मनगट बघितलं.

"का केलंस हे?" तिने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"तू म्हणालीस, पेशंट आहेस म्हणून... तर मी पेशंट राहिलो नाही." बोलताना त्याचं त्यालाच ते किती खुळ्यासारखं वाटलं! "सुकाणू मिळालं असतं आणि तू नसतीस... तर मला ते नको होतं, प्रांजल. आवडतेस तू मला. बस्स. आता काय शिव्या घालायच्या त्या घाल."

भरतीचं पाणी बोटींच्या बुडाशी लपलपत होतं.

"ऐक," ती म्हणाली. "यापुढे तुझा हात मी बघणार नाही."

कृणालने मान खाली घातली.

"नंदकिशोर सर बघतील. माझे सर आहेत, माझ्यापेक्षा दसपट हुशार आणि शंभरपट खडूस. सगळे रिपोर्ट मी पाठवलेत, फोनवर बोललेय. म्हणाले, पोरगा रोज आला आणि सांगेल ते केलं, तर सुकाणू धरता येईल. उद्यापासून जायचं. बोरीवलीला."

"बोरीवलीला? म्हणजे... तुला माझं तोंडही बघायचं नाही?"

"अरे देवा!" तिने कपाळावर हात मारला. "खुळ्या, तू हात सोडून दिलास म्हणजे आपण मोकळे झालो असं वाटलं तुला? तुझा हात सुजलेला असताना मी तुझ्याशी प्रेमाच्या गप्पा मारणार होते? म्हणून मी तुला सोडलं. पेशंट म्हणून. आजवर मी एक पेशंट अर्ध्यावर सोडलेला नाही, माहितीये? सर विचारत होते, कारण काय. मी खरं ते सांगितलं." ती थांबली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. "आता तू त्यांचा पेशंट. माझ्यावर कसलं बंधन नाही... आणि माझं घर बोरीवलीलाच आहे. रोज संध्याकाळी सरांच्या क्लिनिकखाली मी उभी असणार. उशीर केलास तर बघ."

कृणाल बघतच राहिला. त्याने तिच्यासाठी हात उधळायला काढला होता, आणि त्याला वाटत होतं, आपण केवढं मोठं केलं! आणि ही... हिने त्याचा हातही वाचवला, त्याचं सुकाणूही राखलं, स्वतःचं नाव सरांपुढे पणाला लावलं, आणि वर चिखल तुडवत त्याला शिव्या घालायला आली. एवढ्याशा मुलीत एवढं सगळं मावतं कुठे? त्याला दर्यासमोर हात जोडावेत तसे तिच्यापुढे जोडावेसे वाटले.

"सरांना काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं की हा पेशंट माझ्या हातून नीट बरा व्हायचा नाही."

"का?"

"कारण याचा हात हातात घेतला की..." ती अडखळली, हसली, आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

जाळीवाल्या चारही म्हाताऱ्यांचे कान टवकारले होते. वरच्या गल्लीतून सोनूबाई हाका मारत होती, "पोरी, जेवल्याबिगर जाशील तर बघ!" प्रांजलने कुणाकडे पाहिलं नाही. ती एक पाऊल पुढे आली आणि तिने त्याचा तो सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अगदी हलकेच. तपासायला म्हणून नव्हे. आणि सोनूबाई स्वतः खाली येऊन "चला आता, सार निवला!" म्हणेपर्यंत तिने तो सोडलाही नाही.